तलावाच्या वळणावरचा दगड

आपल्या नावाचा दगड कोठेही बसवू नये, अशी माझ्या घरमालकांची सक्त ताकीद होती. ती पाळली गेली. त्यामुळे त्यांच्याविषयी काही लिहून ठेवणे भाग आहे.

निवृत्तीपूर्वीची शेवटची वर्षे मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावी माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो. एकटा होतो. खोली हवी होती. गाव जेथे संपते तेथे मामाजींचे घर आहे, समोरची खोली रिकामी आहे, असे चहावाल्याने सांगितले. सारे गाव त्यांना मामाजी म्हणे. "पन मानूस सांभाळून घ्या लागंल, सर," असेही तो म्हणाला. मी दुर्लक्ष केले.

दिवस मावळला होता. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला एक उंच, वाळलेला म्हातारा दिसला. पांढरे धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर पांढरा दुपट्टा. त्याचे तोंड माझ्याकडे होते आणि नजरही. मी हात वर केला व वेग वाढवला. अंतर कमी होईना. आणखी भराभर चाललो, तरीही होईना. मग लक्षात आले की तो मनुष्य माझ्याकडे पाहत पाहत माझ्यापासून दूर जात आहे. संधिप्रकाशात त्याचे पाय दिसत नव्हते. मी भित्रा नाही. तरीही थांबलो.

तोही थांबला.

"कोनत्या बाजूनं आले?"

"बसस्थानकाकडून."

"गाव नाही विचारलं. रस्त्याच्या कोनत्या बाजूनं आले?"

"डाव्या."

"मंग मागून येनारा तुम्हाले दिसत होता?"

"नाही."

"मंग कायच्या भरवशावर आले?"

हेच मामाजी होते. खोली मला मिळाली. भाड्याविषयी ते फारसे बोलले नाहीत. दिवेलागणीनंतर काळी शाल पांघरून रस्त्यावर पाऊल टाकायचे नाही, एवढीच अट त्यांनी घातली.

ते सूर्यास्तानंतर रस्त्यावर नेहमी असेच चालत: उजव्या कडेने, आणि मागे तोंड करून. उजव्या कडेने चालले की समोरून येणारी गाडी दिसते, हे त्यांनी गावाला पटवले होते. परंतु दुसऱ्या गाडीला मागे टाकणारा मागूनच त्या बाजूला घुसतो, म्हणून मागेही कोणी पाहत असले पाहिजे, असा त्यांचा हिशेब. त्यांची टाच रस्ता ओळखत असे. मी त्यांना अडखळताना पाहिले नाही.

मोटारसायकलवरची तरुण मुले त्यांना पाहून ट्रॅक्टर मागे घेतानाचा टीं टीं असा आवाज काढीत. "साइड द्या रे, रिव्हर्स मामाजी येऊन राहिले!"

"हसा, लेकहो," ते म्हणत. "बत्ती तं नाही लावत. हसल्यानं तरी समजते का कोनी येऊन राहिलं."

रस्ता तेव्हा नुकताच रुंद व गुळगुळीत झाला होता. धानाच्या हंगामात त्याच्या अर्ध्या भागावर धान वाळत असे. उरलेल्या अर्ध्यावरून राइस मिलचे ट्रक, ट्रॅव्हल्सच्या बसगाड्या, बैलबंड्या आणि माणसे जात. चहाच्या दुकानापुढे कोणाची ट्रॅक्टरची ट्रॉली उभी दिसली की मामाजी तिच्या पाठीवर चमकणाऱ्या लाल पट्ट्या चिकटवून मोकळे होत. परवानगी मागण्याची पद्धत त्यांच्याकडे नव्हती.

"मामाजी, माझी ट्रॉली नवरीवानी सजवून टाकली ना!" एक मालक चिडून म्हणाला.

"नवरी दूरून दिसते. म्हनून तं."

घराच्या ओसरीत एक आडवा बांबू बांधलेला होता. त्यावर पांढऱ्या दुपट्ट्यांची रांग असे. अंधार पडल्यावर जो कोणी पायी त्या घरावरून गावाबाहेर जाई, त्याला अडवून ते एक दुपट्टा त्याच्या खांद्यावर टाकीत. दुसऱ्या दिवशी तो परत आणून द्यायचा. दुपट्टा आला म्हणजे माणूस पोचला. एका लग्नातील सुटाबुटाच्या पाहुण्याने कुरकुर केली. "सूट खराब होईल, मामाजी." ते म्हणाले, "सूट धोब्याकडे नेता येते. तुले कुठं नेऊ?" पाहुणा दुपट्टा घेऊन गेला.

रात्री वारा सुटला की ती रांग हलत असे. माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, एकाशेजारी एक. माझ्या खिडकीतून पाहताना ओसरीत पुष्कळ जण अवघडून उभे आहेत असे वाटे. मी माझी खाट दुसऱ्या भिंतीकडे सरकवून घेतली. बांबूच्या एका टोकाला ते काहीही टांगू देत नसत. ती जागा रिकामीच असे. मी कारण विचारले नाही.

कारण त्यांनीच एका दुपारी सांगितले. आम्ही शेंगा सोलीत बसलो होतो. त्यांची बायको लेक लहान असतानाच आजाराने गेली होती. घरात बाप व लेक, दोघेच. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दंडारीचे लोकनाट्य, संध्याकाळी दुकाने, रात्री नाटक. सासरी गेलेल्या मुली माहेरी आलेल्या असतात. कुटुंबेच्या कुटुंबे नवे कपडे घालून या गावाहून त्या गावी पायी निघतात. असेच हे दोघे शेजारच्या गावच्या मंडईला निघाले होते. सगळे चालतात म्हणून डाव्या कडेने. तलावाच्या वळणावर मागून ट्रक आला.

"हात माझ्या हातात होता, मास्तर," ते म्हणाले. "मले वाटलं, पोट्टी मागं राहिली."

त्यानंतर त्यांनी सर्व शेंगा सोलून संपवल्या. बांबूचे ते रिकामे टोक लेकीचे होते.

लेक डाव्या कडेला गेली. तिच्या नावाचा दगड मात्र त्यांनी वळणावर उजव्या कडेला बसवला. कमरेइतका उंच, चुन्याने रंगवलेला, मधोमध दिव्यासाठी कोनाडा. यामागे विचार होता. पांढरा दगड व दिवा दिसला की लोक त्याच बाजूने चालतील, आपली लेक लोकांना योग्य कड दाखवील, असे ते मानीत. "ती उभी हाये तिथं," असे ते सांगत. स्मारक आहे, असे म्हणत नसत. उभी आहे, असे म्हणत.

ते रोज संध्याकाळी दिवा लावायला जात. एकदा मी बरोबर गेलो. तलावाचे पाणी काळे झाले होते. शिंगाड्याच्या वेलींमधून काहीतरी सरकत गेले, मासा असावा. त्यांनी दिवा लावला, चुन्यावरची धूळ दुपट्ट्याने पुसली आणि दगडाला म्हणाले, "आज मास्तर आले हायेत." हवा पडलेली होती. एक पानही हलत नव्हते. ज्योत माझ्या बाजूला वाकली आणि पुन्हा सरळ झाली. ज्योत वाकण्याला कारणे पुष्कळ असतात. मी विज्ञान शिकवीत असे.

गावाला मात्र कारणे नको होती. मंडईच्या संध्याकाळी ती मुलगी दगडापाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ शिंगाडे मागते, असे बायका बोलत. मंडईच्या दुसऱ्या दिवशी दगडाच्या पायथ्याशी शिंगाड्यांची टरफले सापडतात, असेही बोलत. टरफले मी पाहिली आहेत. मंडईहून परतणारे लोक ती रस्ताभर टाकतात. हे मी वर्गात सांगितले. मुलांनी ऐकून घेतले. एकाही मुलाचा चेहरा बदलला नाही.

हे बोलणे मामाजींच्या कानावर कोणी घातले नव्हते. बापाला कोण सांगणार?

मला गर्दी मानवत नाही. पहिली काही वर्षे मी मंडईला गेलो नाही. एका वर्षी मामाजींनी आग्रह धरला. "तुमचे पोट्टे तुम्हाले भितात. रांगेत राहतील."

दिवेलागणीला त्यांच्या ओसरीपुढे गाव जमले. प्रत्येक कुटुंबातील मोठ्याच्या खांद्यावर दुपट्टा पडला. लहानांना मधे घेतले गेले. एक तरुण लेकुरवाळी माहेरी आली होती. कडेवर तान्हे, बोटाला चारपाच वर्षांची मुलगी, मुलीच्या पायांत नवे बूट. चालताना त्यांतून लाल दिवे लुकलुकत. मामाजींनी ते बूट वाकून पाहिले.

"हे बेस हाये," ते म्हणाले. त्यांनी केलेली दुसरी कोणतीही स्तुती मला आठवत नाही.

रांग उजव्या कडेने निघाली. मी मध्यभागी होतो. मामाजी सर्वांत शेवटी, मागे तोंड करून, हातात मोठी टॉर्च घेऊन. मागून गाडी आली की ते टॉर्च हलवून तिला डावीकडे घालीत. चालकही घाबरून तिकडेच घेत. पांढऱ्या कपड्यातील म्हातारा आपल्याकडे पाहत उलटा चालला आहे, हे दृश्य गाडीचा वेग कमी करण्यास पुरेसे होते. व्यवस्था उत्तम होती.

वळण जवळ आले. बोलणी थांबली. मुले आपोआप गप्प झाली. समोर दगड दिसला. दिवा मामाजींनी दिवसाउजेडीच लावून ठेवला होता. तो दिसताच सर्वांत पुढच्या बाईने पदर डोक्यावर ओढला आणि मुकाट्याने रस्ता ओलांडून डाव्या कडेला गेली. तिच्यामागून दुसरी गेली, मग तिसरी. वर्षानुवर्षांचा शिरस्ता असावा, तसे सगळे कोणी न सांगता करीत होते. पांढरी रांग रस्त्यावर आडवी झाली.

"कोठे निघालात?" मी विचारले.

लेकुरवाळी माझ्या पुढे होती. ती कुजबुजली, "दगड गेला का पुन्हा तिकडेच येतो, सर. बोलू नोका इथं."

मागे पाहिले. मामाजींचे तोंड पलीकडे होते. ते दरवर्षी रांगेच्या शेवटी उलटे चालत आले होते. पुढे काय चालते ते त्यांना कधीच दिसले नव्हते. दगडापाशी पोचल्यावर ते दोन शब्द बोलायला थांबत, आणि तोवर रांग वळणापलीकडे जाऊन पुन्हा उजवीकडे आलेली असे.

मागून मोटार आली. मामाजींनी नेहमीप्रमाणे टॉर्च हलवली. मोटार डावीकडे वळली.

मी ओरडलो. ब्रेक लागले. प्रकाशात एकदम पुष्कळ पांढरे दिसले आणि ते फुटून चहूकडे झाले. मग मोटार थांबल्याचा आवाज, आणि त्यानंतर कोणताही आवाज नाही. रस्त्याच्या उताराखाली, गवतात, लाल दिवे लुकलुकत होते.

मामाजींना तोंड पुढे करून धावताना मी त्या दिवशी प्रथम पाहिले. ते उतारावरून घसरत गेले व मुलीला उचलून आणले. ती जिवंत होती. पाय मोडला होता. मोटारवाल्यानेच तिला गाडीत घेतले. तिची आई तान्ह्याला छातीशी धरून उभी होती. मामाजींनी सर्वांनाच विचारायचा तो प्रश्न तिला विचारला.

"या बाजूले कायले आली?"

ती रडत नव्हती. तिने त्यांच्याकडे सरळ पाहिले.

"तुमच्या पोट्टीले भिऊन, मामाजी. सारं गाव भिते. सारं गाव इथं बाजू बदलवते. तुम्हाले मालूम नाही का?"

ती मोटारीत बसली. मोटार गेली. मामाजी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. त्यांच्या एका बाजूला दगड होता, दुसऱ्या बाजूला दबलेले गवत. मी त्यांना दंडाला धरून कडेला आणले. कोणत्या कडेला, ते आता आठवत नाही.

मुलगी गोंदियाच्या दवाखान्यातून बरी होऊन आली. किंचित लंगडत असे, पुढे तेही गेले.

मामाजींनी त्या दिवसापासून दिवा लावला नाही. ते घरातच बसत. दुपट्टे बांबूवरच राहिले. घरावरून जाणाऱ्याला कोणी अडवीत नसे. दिवा नाही म्हणून दगडापाशी उभी राहणारी मुलगी रागावली आहे, असे गावात बोलले जाऊ लागले. वळणावर लोक पूर्वीपेक्षा लवकर रस्ता ओलांडू लागले. काही जण धावत ओलांडीत. मी हे त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मले मालूम हाये. मी जाऊन पाहून येतो." कधी जात, ते मला कळले नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळी झाली. मंडईला थोडे दिवस उरले असता त्यांनी बंडी जुंपली, पहार घेतली आणि भरदिवसा वळणावर गेले. बातमी पसरली. लोक जमले, परंतु दगडाच्या बाजूला कोणी आले नाही. सर्व रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. मामाजी एकटेच खणत होते. मी मदतीला गेलो, तर त्यांनी हातानेच मला थांबवले.

पलीकडून एक म्हातारी बोलली. नात्याने ती त्यांची चुलती लागे. "बापू, काऊन काढतं गा? तिची जागा मोडली तं ते पोट्टी जाईल कुठं?"

लोकांत चुळबुळ झाली. हाच प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. दगड होता तोवर ती दगडापाशी तरी होती.

मामाजींनी पहार टेकवली. घाम पुसला.

"घरी येईल," ते म्हणाले. "बापाचं घर हाये."

दगड सुटला. तो त्यांनी पहारीने रेटत बंडीतल्या धानाच्या तणसावर आडवा ठेवला आणि वर दुपट्टा पांघरला. बंडी निघाली. ते बैलांपुढे चालले नाहीत. बंडीच्या मागे, दगडाकडे पाहत, सरळ पावलांनी गावापर्यंत आले. बंडी जाईपर्यंत बायकांनी मुलांचे डोळे झाकून धरले होते. दगड आतल्या खोलीत, भिंतीशी उभा केला गेला. ती भिंत माझ्या खोलीची होती.

मंडईच्या संध्याकाळी ओसरीपुढे जमणाऱ्यांची संख्या कमी झाली होती. त्या घराशी येण्यास लोक आता कचरत. आले, तेही अंगणाबाहेर उभे राहिले. मामाजींनी दुपट्टे माझ्याकडे दिले. ते मी वाटले. रांग निघाली तेव्हा शेवटी मी होतो, हाती टॉर्च घेऊन. मामाजी सर्वांच्या पुढे होते.

वळण आले. खड्डा बुजवलेला होता. ताज्या मातीचा एक काळपट चौकोन तेवढा दिसत होता. रांग थांबली. पाय सवयीने डावीकडे वळू पाहत होते. कोणी पुढे जाईना. मागच्या मागे लोक एकमेकांना टेकले. दूरवर ट्रकचा प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर आला. मी टॉर्च हलवू लागलो आणि पुढे ओरडून सांगितले की गाडी येत आहे.

लेकुरवाळी याही वर्षी आली होती. तान्हे आता चालू लागले होते. मुलगी तिच्या पदरामागे होती. ती दोघांना घेऊन मामाजींच्या समोर गेली. शांतता इतकी होती की शेवटी उभ्या असलेल्या मलाही सर्व ऐकू आले.

"मामाजी, आता इथं कोनी नाही ना?"

इतकी वर्षे या माणसाने एकच गोष्ट सांगितली होती: ती येथे उभी आहे. ट्रकचा आवाज वाढत होता. मामाजींनी मातीच्या त्या चौकोनाकडे पाहिले. 

"कोनी नाही."

"खरंच ना?"

"मी बाप हाओ तिचा. मी सांगून राहिलो ना? इथं कोनी नाही. चल समोर."

एवढे बोलून ते स्वतः त्या मातीवरून चालत गेले. लेकुरवाळी मुलांना धरून त्यांच्यामागे गेली. मग रांग गेली; सरळ, उजव्या कडेने. ट्रक मागून आला व डाव्या कडेला चाटून गेला. तेथील गवत बराच वेळ हलत राहिले. त्या गवतात कोणी नव्हते.

मंडईच्या गावाच्या वेशीपर्यंत सर्वांना पोचवून आम्ही दोघे परतलो. मामाजी या वेळी वळणावर थांबलेही नाहीत.

घराच्या दाराला बाहेरून कडी होती. निघताना ती मीच घातली होती. आत माणूस नव्हते. मामाजींनी कडी काढली. परंतु दार लोटले नाही. तळव्याने हलकेच दोनदा वाजवले आणि वाट पाहत उभे राहिले. नंतर, आतून कोणी दार ओढून घेत असावे आणि आपण मधे येऊ नये, अशा बेताने एक पाऊल मागे सरले.

"सगळे पोचले," ते म्हणाले.

हे मला उद्देशून नव्हते. मी माझ्या खोलीत गेलो व दार लावून घेतले. भिंतीपलीकडून बोलणे ऐकू येत राहिले. कोण कोण आले होते, लेकुरवाळीचे धाकटे कसे चालते, मुलीचा पाय कसा बरा झाला, हे ते सांगत होते. मध्येच थांबत. थांबून, कोणी काही विचारले असावे तसे, पुन्हा बोलत.

आवाज एकच होता. कोणी विचारले तर मी असेच सांगतो.